लेसचं दुसरं टोक

रवि., २ मार्च

मिस्सा संपल्यावर फादरनी चर्चच्या पायरीवर थांबवलं. बाप्तिस्म्याच्या वर्गाला या खेपेस चार जोडपी आहेत, ईस्टरनंतरच्या रविवारी बाप्तिस्मे. मग जरा घुटमळून म्हणाले, "सेलिना टीचर, त्यात आल्विन आहे. वडिलांच्या घरी परत राहायला आलेत ते. तुम्हाला जड जात असेल तर सिस्टरांना सांगतो."

म्हटलं, जड कशाला, फादर? आई-बापांना खुणांचा अर्थ शिकवायचा, त्यात काय एवढं. इतकं गोड मी आयुष्यात बोलले नसेन.

घरी येऊन चहा केला, तो तसाच गार झाला. सहा वर्षं झाली. चर्चमध्ये तीन रविवारी माझ्या लेकीचं, शर्लीचं, आणि त्याचं नाव वाचून झालं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, बँड सांगून झाला होता. लग्न आठ दिवसांवर आणि याचा मोबाईलवर मेसेज, माझी मानसिक तयारी नाही. वर्षाच्या आत दुसरीशी लग्न करायला मात्र तयारी झाली. शर्ली नर्सची नोकरी घेऊन कुवेतला गेली ती तिथलीच झाली. आणि माझा नवरा, जो, त्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. कोणी मारलं ते मला विचारा.

यापुढे आ. लिहीन. सबंध नावाइतकी शाई त्याच्यावर घालवायची नाही.

सापडलास.

बुध., ५ मार्च

राखेचा बुधवार. फादरनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. दिवसभर पुसला नाही. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणाली, आई, कपाळाला काहीतरी लागलंय. म्हटलं, लागू दे.

उपवासकाळात काय सोडायचं? दर वर्षी साखर सोडते. या वर्षी साखर लागेल, आ.शी बोलायचंय.

रवि., ९ मार्च

पहिला वर्ग. चर्चमागच्या खोलीत. चार जोडपी, चार पोरं, त्यातली दोन रडत होती.

आ. शेवटच्या बाकावर. केस विरळ झालेत, पोट सुटलंय. बरं वाटलं. बायको मेलिसा, बारीक चणीची, पहिल्या बाकावर बसायला निघाली होती, त्यानं दंडाला धरून मागे नेलं. पोरगी चार महिन्यांची. ॲनी. मला "गुड मॉर्निंग टीचर" म्हणाला. पूर्वी मम्मी म्हणायचा. माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून, माझ्याच डब्यातले तळलेले फुगे खात, मम्मी.

नोहापासून सुरुवात केली. पूर ओसरला, देवानं करार केला, खूण म्हणून ढगात धनुष्य ठेवलं. मी नेहमी सांगते, धनुष्य म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, हत्यार. देवानं आपलं हत्यार खुंटीला टांगलं, तेही असं की बाण सुटलाच तर वर, त्याच्याच दिशेनं जाईल. आणि ही खूण माणसाला दिसावी म्हणून नाही. देव म्हणतो, मी ती बघेन आणि मला आठवेल.

एका बापानं विचारलं, "टीचर, देव पण विसरतो का?" सगळे हसले.

म्हटलं, देव नाही विसरत. काही माणसं विसरतात. वचन देतात, अख्ख्या गावादेखत, आणि विसरतात. बोलताना मागच्या बाकाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि पोरीचे मोजे सारखे करत बसला.

जेवण गोड लागलं आज.

मंगळ., ११ मार्च

धर्मपिता म्हणून आ.नं मित्राचं नाव दिलंय. सातिवलीत गोडाऊन आहे त्याचं. चौकशी केली. दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशन, झालेलं नाही. नियम म्हणजे नियम. आ.ला फोन करून शांतपणे सांगितलं की असा धर्मपिता चालणार नाही. वाटलं होतं भांडेल, फादरकडे जाईल, गावभर बोभाटा होईल. तर म्हणाला, "ठीक आहे टीचर, माझी चूक. काकांना सांगतो."

मुंगी चावल्यासारखं सुद्धा झालं नाही त्याला. हे असलं नको. जन्मभर ठणकेल असं काहीतरी पाहिजे.

शनि., १५ मार्च

चर्चच्या महिला मंडळाची शिवण. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला विकतचं झबलं चालत नाही. बंगल्यातलं पोर असो की चाळीतलं, सगळ्यांना एकच लाँगक्लॉथ, एकच माप, छातीवर लाल दोऱ्याचा छोटा क्रूस. झालर नाही, मोती नाही. देवासमोर सगळी पोरं सारखी. कापड वसई बाजारातून मार्था आणते, कापायचं-शिवायचं तिच्याकडे, क्रूस माझ्याकडे.

मार्था कोळीवाड्यातली, पंधरा वर्षं बरोबर शिवतोय. चार झबल्यांचं कापड बेतताना म्हणाली, "बाय, त्याच्या पोरीचा क्रूस मी घालू? तुझा हात थरथरंल."

म्हटलं, नको. त्याच्या पोरीचं सबंध झबलं मीच शिवणार, घरी नेते.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.  तेव्हाच डोक्यात आलं होतं का? नाही. घरी आल्यावर, पलंगाखालची ट्रंक दिसली तेव्हा.

रवि., १६ मार्च

दुसरा वर्ग. अब्राहाम. हा भाग मी आज चवीनं शिकवला.

जुन्या काळी करार लिहीत नसत, कापत. जनावरं मधोमध कापायची, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि करार करणाऱ्या दोघांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं. अर्थ असा की मी शब्द मोडला तर माझेही असेच दोन तुकडे होवोत. आ.कडे बघून बघून सांगितलं. त्याला घाम आला होता. पंखा त्याच्याच डोक्यावर होता.

मग मेलिसानं हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा. "टीचर, मग अब्राहाम चालला का मधून?"

 म्हटलं, नाही. त्याला झोप लागली होती. तुकड्यांमधून एक पेटती मशाल गेली. म्हणजे देव एकटाच गेला.

"म्हणजे अब्राहामनं मोडलं तरी शिक्षा देवालाच?"

हो म्हणावं लागलं. तीस वर्षं तेच शिकवतेय, क्रूसावर तेच झालं म्हणून. पण आज ते शब्द तोंडातून ओढून काढावे लागले. ही मेलिसा बिनडोक असती तर किती सोपं झालं असतं.

सोम., १७ मार्च

ट्रंक उघडली. वर डांबरगोळ्या, खाली शर्लीचा गाऊन. एकदाही अंगाला न लागलेला. सॅटिन पिवळसर पडलंय. लेस मात्र तशीच.

ही लेस जोनं आणलेली. बोटीवर फिटर होता, शेवटच्या खेपेला अँटवर्पला सगळे दारू आणि परफ्यूम घेत होते, यानं लेस घेतली. द्राक्षाच्या वेलाची नक्षी. साखरपुड्याच्या दिवशी टेबलावर पसरली, तरी पुरेना म्हणून एक टोक स्वतः धरलं, दुसरं आ.च्या हातात दिलं आणि दोघं ओसरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभे राहिले. जो म्हणाला, "बघा जावई, दोन टोकं दोघांनी धरली तर कळतं केवढी आहे." सगळे हसले. आ.पण हसला. मग जोनं त्याला एक पान दाखवलं. सबंध लेसमध्ये त्या एका पानाला देठ नाही. "फॉरेनचा कारागीर पण चुकतो," म्हणाला. आ.नं त्या पानावरून बोट फिरवलं होतं. मी बघितलंय.

ते पान शोधलं. सापडलं. डाव्या बाहीवर.

ॲनीच्या झबल्याला हीच लेस लागणार. आणि ते पान पुढे, बरोबर मधे, क्रूसाच्या खाली. फादर झबलं घालायला देतील, सगळं चर्च बघत असेल, मेणबत्त्या पेटलेल्या असतील, आणि आ.ला ते पान दिसेल. पोरीच्या अंगावर. मग घे म्हणावं श्वास. मग दर वाढदिवसाला ते फोटो बघ.

बुध., १९ मार्च

कापली. सॅटिन आणि लेस दोन्ही. कात्री चांगली चालली. डाव्या बाहीची सगळी, आणि घेराची अर्धी लेस. हात अजिबात थरथरला नाही, मार्थाला सांगायला हवं.

रडले नाही.

शनि., २२ मार्च

उरलेल्या तिघांच्या झबल्यांवर क्रूस घातले. मार्थानं विचारलं, "त्याच्या पोरीचं कुठंय?" म्हटलं, घरी आहे, सावकाश करतेय. "बाय, सगल्यांना सारखं हां," म्हणाली. हिला कसा वास लागतो कोण जाणे. आयुष्यभर मासळी विकली, ताजं कोणतं आणि शिळं कोणतं ते लांबून कळतं तिला.

रवि., ३० मार्च

शेवटचा वर्ग. पाणी, तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. नव्या कराराच्या खुणा. ॲनीला माझ्या मांडीवर ठेवून मेलिसा फॉर्म भरायला गेली. न विचारता ठेवलीन्. मांडीवर पोर आलं की हात आपोआप थोपटायला लागतात, त्याला मी काय करू. तिनं माझा चष्मा ओढला. नाक जोरात चावायचा प्रयत्न केला, दात नाहीत तरी.

डोळे आ.चे आहेत. ते बघून थोपटणं थांबवलं.

तो पहिल्या दिवशीचा बाप आजही बोलला. "टीचर, फादरच पापी असला तर बाप्तिस्मा होतो का?" दर वर्षी एक तरी विचारतोच. नेहमीचं उत्तर दिलं, हो, होतो. पाणी कोणी ओतलं, वस्त्र कोणी शिवलं, त्याच्या मनात काय होतं, यावर काही अवलंबून नाही. खूण देवाची आहे, हात कोणाचेही असोत. एखाद्यानं शिव्या देत खूण केली तरी देव ती आपलीच म्हणून उचलतो.

पाठ आहे मला हे. बोलून गेले आणि पुढच्या मुद्द्याला लागले.

शनि., १२ एप्रिल

ईस्टरच्या आधीचं कुमसार, पापांची कबुली. फादरना सांगितलं की प्रार्थनेत मन लागत नाही, शेजारणीशी दोनदा तंडले, स्वतःच्या सुनेबद्दल तिच्यामागे बोलणाऱ्या एका बाईला अडवलं नाही. झबल्याचं नाही सांगितलं. ते पाप झालेलं कुठंय अजून? झालं की सांगू.

फादरनी विचारलं, आणखी काही, टीचर? म्हटलं, नाही.

गुरु., १७ एप्रिल

पवित्र गुरुवार. येशूच्या शेवटच्या भोजनाचा, कपाचा दिवस. फादरनी कप उचलला, नवा आणि सनातन करार वगैरे. माझ्या पुढच्या रांगेत आ. होता, काखेत पोर. शांतीची खूण द्यायच्या वेळी मागे वळला. मी त्याच क्षणी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. पर्समध्ये रुमाल होताच, पण मी बराच वेळ शोधला.

झबलं पूर्ण. इस्त्री केली. बाकीच्या तिघांबरोबर सॅक्रिस्टीत, वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, कागदात गुंडाळून ठेवलं. वर "ॲनी" लिहिलं. आता फक्त वाट बघायची.

रवि., २० एप्रिल, ईस्टर

काल जागरणाच्या मिस्साला सगळ्यांनी मेणबत्त्या धरून आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हटली. सैतानाचा त्याग करता का? करते, म्हटलं. त्याच्या सर्व कामांचा? गर्दीत आवाज एवढा होता की माझा गेला काय, राहिला काय.

आज दुपारी शर्लीचा फोन. एकदम खुशीत. "मम्मी, बसलीयस का? बस आधी." कोणी सिजो म्हणून आहे, केरळचा, तिच्याच हॉस्पिटलात. साधा आहे, म्हणाली, तुला आवडेल. मासे खातो, आवाज न करता. डिसेंबरात लग्न, इथेच, आपल्या चर्चमध्ये.

मी रडले. खरंच रडले आनंदानं. पस्तिशीला आलेली माझी पोर.

मग म्हणाली, "मम्मी, नवीन गाऊन घेणार नाही हां मी. माझा तोच. डॅडीची लेस आहे ना ट्रंकेत? सॅटिन बदलू, पण लेस तीच पाहिजे. डॅडी नाहीत तर लेस तरी चालेल माझ्याबरोबर आत."

म्हटलं, आहे ना. ट्रंकेत आहे.

मंगळ., २२ एप्रिल

दुपारी सगळी झोपायच्या वेळेला सॅक्रिस्टीत गेले. पर्समध्ये उसवायची कात्री. मदतनीस म्हणाला, काय टीचर? म्हटलं, झबल्याचा टाका बघायचाय.

कागद सोडला. बसून मोजमाप केलं. उसवली तर सांधता येईल, जोड पाठीमागे घेतला तर दिसणार पण नाही. एक टाका उसवला. दुसरा.

तेवढ्यात ते पान बोटाखाली आलं, बिनदेठाचं. आणि हॉस्पिटलातला जो आठवला, नाकात नळी, बोलता येत नव्हतं, तरी दर थोड्या वेळानं हातानं विचारायचा, पोर बरी आहे ना? बरी आहे, बरी आहे, मी म्हणायची. पोर घरी वरच्या खोलीत दार लावून पडलेली.

दोन्ही टाके परत घातले. कागदात गुंडाळलं. उरलेल्या लेसमध्ये भागवू. डिसेंबर लांब आहे, बाजारात सारखी लेस मिळेल. हे मी स्वतःलाच सांगतेय, आणि स्वतःलाच पटत नाहीये. पण सहा वर्षं वाट बघितल्यावर पाच दिवस आधी हात मागे घ्यायचा?

नाही.

रवि., २७ एप्रिल

लिहायला बसलेय पण कुठून लिहू.

दैवी दयेचा रविवार, म्हणून चर्च भरलेलं. चार पोरं. पाणी झालं, तेल झालं. मग मी झबली घेऊन फादरच्या बाजूला उभी राहिले, दर वर्षीसारखी. पहिलं दिलं, दुसरं दिलं. तिसरं ॲनीचं. धर्ममातेनं ते पोरीच्या अंगात घातलं. लेस खाली सोडली. ते पान बरोबर मधे आलं.

मी आ.कडे बघत होते. दुसरीकडे कुठेच नाही.

आधी कळलंच नाही त्याला. मेणबत्ती पेटवायच्या गडबडीत होता. मग पोरीनं लेस मुठीत धरली, ती सोडवायला गेला, आणि हात थांबला. लेस उलटी केली. सुलटी केली. त्या पानावरून बोट फिरवलं. अगदी तसंच, साखरपुड्याच्या दिवशीसारखं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. हे मी बघितलं. हे मला मिळालं. केवढा वेळ? दोन श्वास असतील.

मग त्याचा चेहरा फुटला. लहान पोर रडतं तसा रडला, सगळ्यांसमोर, हातात पेटती मेणबत्ती. ती काकांकडे दिली आणि सरळ माझ्याकडे आला. मला वाटलं, ओरडेल. ओरड, म्हटलं मनात, ओरड, मग मी सगळं सांगते तुला.

त्यानं वाकून माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "मम्मी. डॅडींची लेस. माझ्या पोरीला दिली तुम्ही. मला वाटलं होतं मेलो तरी तुम्ही माफ नाही करणार."

मी काय केलं? काही नाही.  लोकांना वाटलं, भरून आलं.

तो फादरच्या कानाशी बोलला. आणि शेवटी सूचनांच्या वेळी फादरनी माइकवर सांगितलं. दयेच्या रविवारी एका आईनं आपल्या मुलीच्या लग्नाची लेस कापून, ज्या घरानं सगळ्यात जास्त दुखावलं त्या घराच्या लेकराला पांघरली. म्हणाले, करार कसा असतो ते टीचर नुसतं शिकवत नाहीत. टाळ्या. चर्चमध्ये टाळ्या. मेलिसानं माझ्या गालाचा मुका घेतला.

मी दिलेली नसलेली माफी तो खिशात घालून घरी गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मी कोणाला सांगू शकत नाही. कोणाला सांगू? फादर, ती माफी नव्हती, तो सूड होता, परत करायला लावा?

फक्त मार्था दाराशी थांबली होती. एकटीच हसत नव्हती. म्हणाली, "बाय, मला म्हायती हाय तू काय शिवलं व्हतंस. पन त्यानं भलतंच घातलं."

सोम., २८ एप्रिल

संताप. सकाळपासून संताप. एवढी वर्षं राग जपला, कोणाला हात लावू दिला नाही, आणि एका मिनिटात त्याचं भलं करून मोकळी झाले. देवाचाही राग आला. हा कोणता न्याय? मी शिव्या शिवल्या, त्यानं त्याचा आशीर्वाद करून टाकला. माझं मला तरी ठेवायचं.

शिव्या देत खूण केली तरी देव आपलीच म्हणून उचलतो. कोणी सांगितलं होतं? मीच. तीस मार्चला. वही उघडून बघितलं, अक्षर माझंच.

बुध., ३० एप्रिल

रस्त्यात तीन बाया थांबल्या. हात हातात घेतात. एक म्हणाली, तुमच्यामुळे मी माझ्या जावेशी बोलले. आता हिला काय सांगू? घरी येऊन दार लावून बसले.

शुक्र., २ मे

शर्लीला फोटो मिळाला. चर्चच्या ग्रुपवर टाकलाय कोणीतरी, ॲनी, लेस, आणि बाजूला मी, दगडासारखी.

फोन आला.  मी हॅलो हॅलो करत राहिले.

मग म्हणाली, "मम्मी, सगळे मला मेसेज करतायत, तुझी आई किती मोठ्या मनाची. मी तुला ओळखते. खरं सांग, कापताना मनात काय होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ओके. ऐक. माफ केलं असशील तर लेस राहू दे तिकडे. खरंच राहू दे, मला चालेल, डॅडींना पण चाललं असतं. पण नसशील केलं, तर जाऊन परत आण. डॅडीची लेस कोणाला मारायला वापरलेली मला नको. आणि खोटं नको, मम्मी. त्याच्याशी पण नको आणि माझ्याशी पण नको."

विचारलं, तुझा राग गेला का त्याच्यावरचा?

"माझा कधीच गेला. तू धरून बसलीस म्हणून मला तुझ्याजवळ बोलता आलं नाही."

फोन ठेवल्यावर ओसरीवर बसून राहिले. सहा वर्षं मी कोणासाठी भांडत होते मग?

शनि., ३ मे

ठरवलं. खोटं नको तर खोटं नको. उद्या मिस्सानंतर त्याच्या घरी जाणार आणि उभ्या उभ्या सांगणार, माफ केलेलं नाही, ती लेस परत दे. त्याचं तोंड उतरलेलं पुन्हा एकदा बघायला मिळेल, या वेळी दोन श्वासांपेक्षा जास्त. आणि शर्लीला तिची लेस. एका दगडात दोन पक्षी. सूडही पुरा आणि सत्यही.

रात्री जेवले चांगली.

रवि., ४ मे

जायची गरजच पडली नाही. मिस्सा संपून घरी येते तो तिघं माझ्याच फाटकाशी. मेलिसाच्या हातात केकचा डबा. ॲनीला मुद्दाम तेच झबलं घातलंय, "टीचर, एक फोटो तुमच्याबरोबर, तुमच्या घरी." ओट्यावर बसवलं. पाणी आणते म्हणून आत आले आणि पाणी न भरता हे लिहितेय.

वाक्य तयार आहे. रात्रीपासून तयार आहे. आल्विन, मी तुला माफ केलेलं नाही. हे एवढंच म्हणायचं आणि हात पुढे करायचा.

दुसरं वाक्य पण असतं, माझ्याकडे ते नाही. मनात नसताना म्हटलं तर शर्ली ओळखेल. मनात आहे का बघायला गेले तर तिथे जो बसलाय, हातानं विचारतोय, पोर बरी आहे ना. बरी आहे रे. डिसेंबरात लग्न आहे तिचं.

तुकड्यांमधून कोणी चालायचं, मेलिसानं विचारलं होतं. मी अजून मेलेली जनावरं कापत बसलेय.

बाहेर पोर रडायला लागलं. आल्विनचा आवाज येतोय, "मम्मी, जरा बघा ना, तुमच्याकडे राहते ती." चष्मा काढून टेबलावर ठेवला, नाहीतर परत ओढेल. ट्रंकेतली उरलेली लेस मघाशीच काढून खांद्यावर टाकलीय, माप जुळवायला म्हणून. कशाला म्हणून ते मलाच नीट सांगता येत नाही.

तीन ग्लास भरले. जाते.